तीन आटे गेले आणि अडकलं : टर्बोच्या ऑइल पाइपचं एक प्रकरण

गुरुपौर्णिमा नऊ दिवसांवर आली होती. आमच्या इंदूरकडे श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी लागतो, महाराष्ट्रातल्या पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी. तो लागला की उज्जैन-ओंकारेश्वरच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांना उसंत नसते. अशाच एका गाडीचे मालक, जे स्वतःच ती चालवतात, सकाळी राजेंद्रनगरजवळच्या माझ्या गॅरेजात आले, तेही दोरीने ओढून आणलेल्या गाडीत बसून. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो.

गाडी २०१२ ची, १.३ लिटरचं कॉमन-रेल डिझेल इंजिन, मीटरवर १,६४,००० किलोमीटर. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात नवा बसवला होता. तो जेमतेम ७,००० किलोमीटर चालला. आता रेस दिली की कानात घुसणारी शिट्टी, मागून निळा धूर, पिकअप गेलेला आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल गायब. जिथे टर्बो बसवला तिथल्या मंडळींनी सांगितलं होतं की पीस खराब निघाला, दुसरा टाकून देऊ.

काका म्हणाले, "भाऊ, पंचवीस हजार पुन्हा घालायचे तर घालीन, उसने आणून घालीन. पण पाच महिन्यांनी तुम्हीही मला हेच सांगणार नाही ना?"

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते या प्रश्नामुळे. टर्बो बदलणं हे काम चार तासांचं आहे. आधीचा का गेला, हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि त्यात माझ्याच हातून एक मोठी चूक होता होता राहिली. ती चूकही इथे लिहिणार आहे.

पहिलं काम म्हणजे गाडी चालू न करणं. टर्बोचं सील गेलेलं असतं तेव्हा ऑइल इंटरकूलरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीत, साठतं, आणि डिझेल इंजिन ते साठलेलं ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागलं तर किल्ली काढूनही बंद होत नाही. स्वतःच्या ऑइलवर पळत राहतं आणि फुटेपर्यंत थांबत नाही. इंटरकूलरचा खालचा पाइप सोडवला तर चहाचा एक कप भरेल इतकं ऑइल निघालं. ते पूर्ण निथळून घेतलं आणि मगच पुढे सरकलो.

एअर फिल्टरकडचा पाइप काढून कंप्रेसरचं, म्हणजे टर्बोचं हवा ढकलणारं, चाक हाताने हलवलं. शाफ्ट, म्हणजे चाकाचा दांडा, थोडा आडवा हलणं चालतं, कारण बुश (दांड्याभोवतीची कडी) आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलच्या थरासाठी जागा ठेवलेली असते. पुढे-मागे मात्र तो जवळपास हलायलाच नको. इथे दोन्हीकडे हलत होता, आणि चाकाची पाती बाहेरच्या भिंतीला घासून चकाकत होती. पात्यांच्या टोकांना खाच नव्हती, म्हणजे खडा किंवा नट आत जाऊन तुटण्याचा प्रकार नव्हता. नाश आतून, बेअरिंगपासून सुरू झाला होता.

एवढ्या लहान टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. या टर्बोत त्याला बॉल बेअरिंग नाही. आहेत ते दोन बुश, आणि ते शाफ्टला टेकतही नाहीत, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. त्या ऑइलला दोन कामं आहेत. शाफ्टला अधांतरी धरून ठेवायचं, आणि एक्झॉस्टच्या चाकाकडून येणारी उष्णता ओढून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, न्यायची. एका बाजूला सातशे अंशांचा धूर आणि दोन-चार बोटांवर ही सगळी नाजूक जोडणी. ऑइल काही सेकंद कमी पडलं तरी शाफ्टला ते कळतं.

आता खरा प्रश्न. ऑइल कमी पडलं असेल तर ते कुठे? पंपाचा दाब कमी असेल, किंवा पंपापासून टर्बोपर्यंतची वाट बंद असेल, किंवा टर्बोतून परत चेंबरमध्ये जाणारी वाट. तिसऱ्या बाबतीत ऑइल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून बाहेर ढकललं जातं. धूर तेव्हाही निघतो, पण शाफ्टचं नुकसान वेगळं दिसतं.

टर्बो खोलण्याआधी मला आकडे हवे होते, कारण एकदा खोलला की मोजायला काही उरत नाही. इंटरकूलरकडून इंजिनात जाणारा पाइप सुटा ठेवला, म्हणजे टर्बोतून गळलेलं ऑइल इंजिनात जाणार नाही. त्या उघड्या तोंडावर दुसऱ्या गाडीचा स्वच्छ फिल्टर बसवला. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावला. टर्बोचा परतीचा पाइप इंजिनाच्या ब्लॉककडून सोडवून पारदर्शक नळीने मोजपात्रात आणला. गाडी फक्त आयडलवर गरम केली. दाबासाठी क्षणभर अडीच हजारांपर्यंत रेस दिली, त्याहून जास्त नाही.

गरम आयडलला दाब दीड बार, अडीच हजारांवर साडेतीन. पंपाला नाव ठेवायला जागा नव्हती. परतीच्या नळीतून मात्र साठ सेकंदांत ७० मिलीलिटर ऑइल आलं, नळाच्या बारीक धारेसारखं.

सत्तर म्हणजे कमी की बरोबर? हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सुदैवाने त्याच इंजिनाची दुसरी गाडी सर्व्हिसला आलेली होती, तिला काही तक्रार नव्हती. तिच्या मालकाला विचारून तिचाही परतीचा पाइप सोडवला आणि तेच मोजमाप केलं : ३१० मिलीलिटर. दुसरी गोष्ट अशी की काकांच्या टर्बोचे बुश झिजलेले होते. झिजलेल्या बेअरिंगमधून ऑइल जास्त वाहायला हवं, कारण फट वाढलेली असते. तरीही चौथ्या हिश्शाहून कमी येत होतं, म्हणजे अडथळा टर्बोच्या अलीकडेच होता. इथपर्यंत आल्यावर मी काकांना फोन करून सांगितलं की टर्बोचा दोष नाही, त्याला उपाशी ठेवलं गेलं आहे.

टर्बो उतरवला तेव्हा शाफ्टवर, एक्झॉस्टकडच्या बुशच्या जागी, निळा-जांभळा रंग चढलेला होता. पोलाद फार तापलं की असा रंग येतो. घाण ऑइलने मारलेला शाफ्ट मी पाहिला आहे. त्यावर गोल-गोल बारीक चरे असतात आणि रंग तसाच राहतो. इथे चरे नावाला होते आणि रंग भडक होता. परतीच्या पाइपच्या गॅस्केटला आधीच्या हातांनी सिलिकॉन फासलं होतं, त्याचे दोरे आत लोंबत होते. त्याने वाट बंद झालेली नव्हती, पण उद्या एक दोरा तुटून गेला असता तर झाली असती.

मग आला ऑइल फीडचा पाइप. पेन्सिलपेक्षा बारीक, पोलादी, मॅनिफोल्डजवळून, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या तापत्या नळ्यांजवळून, वळण घेत टर्बोच्या माथ्यावर पोकळ बोल्टने जोडलेला. टर्बो नवा घातला तेव्हा हा जुनाच ठेवला होता. काकांना आठवत होतं, तिथल्या मिस्त्रीने त्यात हवा मारून दाखवली होती आणि म्हणाला होता, साफ आहे.

मी पण हवा मारली. हवा गेली. पण सुईएवढ्या भोकातूनही हवा जाते, आणि गॅरेजातल्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या सात-आठ बारने तर फुसकन जाते. मग दोन मिलिमीटरची तार घातली. दोन्ही टोकांकडून ती मॅनिफोल्डजवळच्या वळणापाशी थांबली. पाइप आता परत वापरायचा नव्हताच, म्हणून वाइसमध्ये धरून लांबीत करवतीने कापला. सरळ भागात आतला व्यास चार मिलिमीटर होता. वळणात काळ्या, काचेसारख्या कडक थराने तो इतका भरला होता की मधे दीड मिलिमीटरचीही वाट उरली नव्हती. टोकदार हत्याराने खरवडलं तर थर पापुद्र्यांनी सुटत होता, बिस्किटासारखा.

एक हिशेब इथे सांगतो, कारण तो कळल्यावर काकांचा चेहरा बदलला. शांत वाहणाऱ्या द्रवाचं प्रमाण नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतं. व्यास अर्धा झाला तर दाब तोच असताना ऑइल निम्मं येत नाही, सोळाव्या हिश्शावर येतं. आमच्या पाइपमध्ये अडथळा थोड्याच लांबीत होता म्हणून सत्तर मिली तरी मिळत होतं. "थोडासा कार्बन आहे" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. टर्बोच्या पाइपमध्ये थोडासा असं काही नसतं.

हा थर आला कुठून? तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. ऑइल बदलायची मुदत काका दहा हजारांवरून सोळा-सतरा हजारांवर नेत होते, सीझनमध्ये वेळ मिळत नाही म्हणून. ओंकारेश्वरहून परतताना बडवाह सोडल्यावर भेरूघाटाची चढण लागते. भरलेली गाडी, एसी चालू, टर्बो लाल होईपर्यंत ओढलेला, आणि वर आलं की चहाच्या टपरीपाशी गाडी लावून लगेच किल्ली काढायची. इंजिन बंद झालं की पंप थांबतो. पाइपमध्ये अडकलेलं ऑइल जागच्या जागी उभं राहतं आणि मॅनिफोल्डची सगळी उष्णता त्याच्यावर येते. दर फेरीला थोडं जळतं आणि भिंतीला चिकटतं. वर्षानुवर्षं हे चाललं असणार.

तिसरी गोष्ट पाइप कापल्यानंतर लक्षात आली. मॅनिफोल्ड आणि पाइप यांच्यामध्ये कंपनीने एक पत्र्याचा आडोसा दिलेला असतो. तो या गाडीत नव्हताच. त्याच्या दोन बोल्टांच्या जागा रिकाम्या होत्या, आटे स्वच्छ होते. आडोसा अलीकडेच काढला गेला होता आणि परत लावलेला नव्हता. पहिला टर्बो दीड लाख किलोमीटर चालला आणि दुसरा सात हजार, यातला बराचसा फरक मला या पत्र्यात दिसतो. आधीच अरुंद झालेला पाइप होता, तो उघडा पडला आणि उरलेली वाट पाच महिन्यांत भरून गेली.

त्या गॅरेजच्या मिस्त्रीला मी ओळखतो. तो बेइमान माणूस नाही, हात चांगला आहे. टर्बोसोबत फीड पाइप बदलायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. हा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात लिहायला आपण सगळेच कचरतो, कारण गिऱ्हाईक विचारतं की दिसायला चांगला आहे तर का बदलता. मला वाटतं ते सांगायचं धैर्य ठेवायला हवं. टर्बोच्या किमतीपुढे त्या पाइपची किंमत काय आहे?

पाइपची मूळ वस्तू डीलरकडे नव्हती. मागवायला दहा-बारा दिवस. काकांच्या पहिल्या चार फेऱ्या ठरलेल्या, पैसे घेतलेले, प्रवासी म्हातारे. मी मूळ पाइप मागवून ठेवला आणि तोवर बाहेरून होज, म्हणजे लवचीक नळी, बनवून घ्यायचं ठरवलं. इथून पुढचा भाग ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी सावकाश वाचावा.

इंदूरच्या सियागंज बाजारात हायड्रोलिक होज बनवणाऱ्यांकडे गेलं की समोर पहिल्यांदा येतो तो काळा रबरी होज, आत तारेची जाळी. दिसायला दणकट, दाब शंभर बारच्या वर सहज झेलतो. पण इथे दाब फार नाही, पाच बारच्या आसपास. इथला शत्रू उष्णता आहे. तो रबरी होज शंभर अंशांपर्यंतच्या ऑइलसाठी बनवलेला असतो. टर्बोशेजारी ऑइलच त्याच्या वर जातं, शिवाय बाहेरून मॅनिफोल्ड तापवतो. आतून फुगून रबराचे तुकडे सुटले तर ते सरळ बेअरिंगमध्ये. म्हणून आतली नळी टेफ्लॉनची आणि वर स्टेनलेसची वीण असलेला होज घ्यायचा. तो अडीचशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. मी चार नंबरचा घेतला. या मापात नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग, चार म्हणजे पाव इंच.

होज बरोबर निवडला. चूक झाली ती बोल्टमध्ये.

टर्बोच्या माथ्यावरचा आटा दहा मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. मला हे माहीत होतं. मी गॅरेजातल्या पोराला सियागंजला पाठवताना फक्त सांगितलं, "दहाचा, बारीक आट्याचा पोकळ बोल्ट आण." जुना बोल्ट त्याच्या हातात दिला नाही, कारण तो मी डिझेलमध्ये भिजवून ठेवला होता. पोरगा बोल्ट घेऊन आला. बारीक आट्याचा होता, दहाचाच दिसत होता. त्याने टर्बोत बोटाने फिरवला. एक आटा गेला, दोन गेले, तीन गेले आणि घट्ट झाला. त्याने दुकानदाराचे शब्द सांगितले, "भिया, सबमें येई लगता है. दो-तीन चूड़ी पकड़ ले, फिर पाने से कस देना." आणि त्याने पान्याकडे हात नेला.

मी त्याचा हात धरला. स्वच्छ, नवा आटा शेवटपर्यंत बोटाने गेला पाहिजे. पाना फक्त वॉशर दाबायला लागतो. तीन आट्यांवर अडकणारा बोल्ट तिथला नाही, मग तो कितीही जवळचा वाटो.

थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पानं, काढली. एक मिलिमीटरचं पान त्या बोल्टवर लावलं तर पहिल्या दातांपाशी बसलं आणि पुढे उजेड दिसायला लागला. इंचाला अठ्ठावीस आट्यांचं पान चपखल बसलं. व्हर्नियरवर बाहेरचा व्यास ९.७ मिलिमीटर. तो एक-अष्टमांश इंच बीएसपी होता, म्हणजे ब्रिटिश पाइप थ्रेड.

ही गल्लत आपल्या देशात फार सोपी आहे, आणि तिला इतिहास आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने आट्यांना एकच माप असावं असं मांडलं आणि त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश ठेवला. इंग्रजी पाइपांचे आटे त्यावरूनच आले, आणि आपल्या नळांपासून हायड्रोलिकपर्यंत तेच रुळले. भारतीय मानक आयएस ५५४ मध्येही पाइपचे आटे त्याच कुळीचे आहेत. मोटारी मात्र मेट्रिक झाल्या. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. सियागंजमधला दुकानदार दिवसभर पाइप फिटिंग विकतो. त्याच्या हाताला पहिल्यांदा बीएसपीच लागणार. तो फसवत नव्हता.

आता पाहा काय होतं. बीएसपीचं पिच ०.९०७ मिलिमीटर, आपल्या टर्बोचं १.०. दर आट्याला ०.०९३ मिलिमीटरचा फरक साठत जातो. व्यास पाव मिलिमीटरने कमी असल्यामुळे सुरुवातीला सैल जागा असते, तिथे हा फरक लपतो आणि बोल्ट सरळ जातो. तिसऱ्या-चौथ्या आट्यापाशी साठलेला फरक पाव मिलिमीटरच्या वर जातो आणि तो अडकतो. पान्याने कसला असता तर अजून दोन फेरे गेला असता, पण आटे कापत. टर्बोचं मधलं घर बिडाचं असतं. त्याचा चुरा खाली, थेट ऑइलच्या भोकात पडला असता. नव्या टर्बोत, पहिल्याच मिनिटाला. आणि बोल्ट बसल्यासारखा दिसला असता, कदाचित गळलाही नसता. मग एखाद्या घाटात, भरल्या गाडीत, तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइलची पिचकारी उडाली असती. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. पोराला मी काही बोललो नाही. नमुना त्याच्या हातात द्यायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी जुना बोल्ट खिशात घालून मी स्वतः गेलो. बरोबरचा बोल्ट एका मोटार पार्ट्सवाल्याकडे मिळाला. तरी घेण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे बोल्टच्या मानेखालची लांबी, कारण लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकला तर वॉशर दाबलाच जात नाही आणि आपल्याला वाटतं की कसला. दुसरी म्हणजे आडव्या भोकाचं माप. काही टर्बोंमध्ये हे भोक मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, ऑइल नेमकं जावं म्हणून. मोठ्या भोकाचा बोल्ट लावला तर ऑइल जरुरीपेक्षा जास्त जातं, परतीच्या पाइपला ते झेपत नाही आणि नवा टर्बोही धूर काढतो. बुशवाल्या टर्बोला सहसा वेगळा अडथळा लागत नाही. बॉल बेअरिंगवाल्याला लागतो, साधारण एक मिलिमीटरचा. मी ड्रिलचे दांडे घालून जुन्या-नव्या बोल्टांची भोकं जुळवली. सारखी निघाली.

होज कापताना विणीवर टेप घट्ट गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने कापला, नाहीतर तारा पिसारल्यासारख्या सुटतात. टोकं बसवून घेतली, होजवाल्याच्या हातपंपावर दहा बार दाबाने तपासला, मग डिझेलने आतून धुतला आणि हवा मारली. कापताना आत गेलेला एक कणही नको. आट्यांना टेफ्लॉन टेप लावली नाही. घरच्या नळाला ती ठीक आहे, इथे तिचा सुटलेला धागा ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जातो. गळती थांबवायचं काम तांब्याच्या वॉशरचं आहे, बोल्ट ज्यातून जातो त्या होजच्या टोकावरच्या गोल डोळ्याच्या वर एक आणि खाली एक. टर्बोकडच्या मापाचे नवे वॉशर मिळाले. ब्लॉककडच्या मापाचे मिळाले नाहीत, म्हणून जुने गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केले, तसं केल्याने तांबं परत मऊ होतं. पुढे याचाच त्रास झाला.

स्टेनलेसच्या विणीबद्दल एक इशारा द्यायचा आहे. ती कानशीसारखी असते. थरथरत्या इंजिनावर ती वायरवर टेकली तर वायर कापते, ॲल्युमिनियमच्या पाइपवर टेकली तर पाइप. म्हणून होजवर काचतंतूंचं उष्णतारोधक कव्हर चढवलं, मॅनिफोल्डपासून तीन बोटं लांबून नेला आणि मधे रबरी क्लॅम्पने बांधला. पत्र्याचा आडोसा भंगारातल्या तशाच गाडीवरून आणून लावला. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

चेंबर खोलून पंपाची जाळी धुतली, त्यात काळा चिकटा होता. नवं ऑइल, नवा फिल्टर. परतीच्या पाइपला नवं गॅस्केट, कोरडं.

नवा टर्बो बसवल्यावर त्याच्या ऑइलच्या भोकात पिचकारीने ऑइल घातलं आणि चाक हाताने फिरवलं. मग इंजिन चालू होऊ नये म्हणून इंजेक्टरची कनेक्शनं काढली, होजचं टर्बोकडचं टोक बाटलीत धरलं आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मधे बॅटरी आणि सेल्फला विसावा देत. तिसऱ्या खेपेला ऑइल आलं, आधी बुडबुडे आणि मग अखंड धार. तेव्हाच होज जोडला. पोकळ बोल्ट आहे, भिंत पातळ असते, म्हणून टॉर्क पान्याने वीस न्यूटन-मीटरच्या आसपास, त्याहून जोर नाही. परत दोनदा सेल्फ, मग कनेक्शनं लावून गाडी चालू. चार मिनिटं आयडल. कुणालाही ॲक्सिलरेटरला हात लावू दिला नाही. काका शेजारी उभे होते, त्यांनाही नाही.

गाडी तापल्यावर परतीची नळी पुन्हा मोजपात्रात सोडली. साठ सेकंदांत ३३० मिलीलिटर. दाब तोच, दीड बार. काकांनी स्वतः घड्याळ धरलं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच.

भेरूघाटापर्यंत आम्ही दोघं गेलो, खाली उतरलो आणि चढून आलो. टपरीपाशी काकांचा हात सवयीने किल्लीकडे गेला. मी म्हटलं, "काका, दीड मिनिट. ऑइल फिरू द्या, टर्बोला निवू द्या." ते म्हणाले, "इतकी वर्षं कुणी हे सांगितलंच नाही रे." त्यांना शेवटचा एक किलोमीटर हलक्या पायाने यायला सांगितलं. तसं आलं तर उभं राहून थांबायचीही फारशी गरज पडत नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी गाडी गेली. पाचशे किलोमीटरवर बोलावली होती, आली. टर्बोकडे कोरडं, पण ब्लॉककडच्या जोडावर ऑइलचा ओलावा. तापवून वापरलेल्या वॉशरवर जुना वळ होता, तो नव्या डोळ्याशी जुळला नव्हता. तोवर नवे वॉशर येऊन पडले होते, ते घातले आणि ओलावा थांबला. वॉशर दोन-चार रुपयांची वस्तू आहे. आता आम्ही त्याच्या सगळ्या मापांचा डबाच भरून ठेवला आहे.

तीन हजार किलोमीटरवर दुसरी गोष्ट दिसली. क्लॅम्प थोडा सरकला होता आणि उष्णतारोधक कव्हर एका कोपऱ्याला घासून पातळ झालं होतं. वीण अजून उघडी पडली नव्हती. क्लॅम्पची जागा बदलली. त्या संध्याकाळी मी ठरवलं की हा होज कायमचा ठेवायचा नाही.

यावर माझ्या ओळखीच्या दोन मिस्त्रींशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, टेफ्लॉन-स्टेनलेसचा होज मूळ पाइपपेक्षा भारी असतो, मग उलटं का जायचं. शर्यतीच्या गाडीत, जिथे दर आठवड्याला बॉनेट उघडलं जातं, तिथे मी मान्य करीन. पण ही गाडी बडवाह, मोरटक्का, उज्जैन करते, कधी कुठल्या गावात कुणाच्या हाताखाली जाईल सांगता येत नाही. कंपनीचा पोलादी पाइप एकाच वळणात, एकाच जागी, बिनघासता बसतो, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीला तो समजतो. आडोसा जागेवर असेल आणि ऑइल वेळेवर बदललं जाईल तर त्याला दीड लाख किलोमीटर काही होत नाही, हे याच गाडीने दाखवलेलं आहे.

मूळ पाइप बाराव्या दिवशी आला होता, पण काकांना दिवाळीपर्यंत सवड मिळाली नाही. भाऊबीजेनंतर गाडी आली. होज काढला, मधोमध कापून पाहिला. आतून पांढरा स्वच्छ होता. नवा पाइप, चारही वॉशर नवे, बोल्ट बोटाने शेवटपर्यंत गेला. तो पोरानेच बसवला. पुन्हा तीच मोजणी केली : साठ सेकंदांत ३२० मिलीलिटर. हे आकडे आता गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आहेत, आणि पुढची मोजणी दोन लाखांवर आहे.